घर इकडे

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कुणी पेंटर म्हटलं की ते म्हणायचे, पेंटर चित्रं काढतो, मी लोकांना वाट दाखवतो. एवढं बोलून गप्प. बोलायचं खातं ताईकडे आणि माझ्याकडे. आम्ही दोघी बहिणी तोंडाळ, आणि ते बिचारे आमच्या कचाट्यात सापडलेले.

दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, सेलचे कापडी बॅनर, अर्ध्या बाजारात त्यांचाच हात. त्यांचा हट्ट एकच. वाचणारा चालत असतो, त्याला थांबायला लावायचं नाही. म्हणून शब्द कमी, अक्षर जाड, पिवळ्यावर काळं, आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा. एका दातांच्या डॉक्टरांना बोर्डावर आपल्या सगळ्या पदव्या हव्या होत्या, शिवाय एक हसणारा दात. दाजींनी मोठ्ठं ‘दात’ लिहिलं आणि खाली दाराकडे बाण काढला. डॉक्टर भडकले. दाजी शांतपणे म्हणाले की दात ठणकणारा माणूस पदव्या वाचत नाही, दार शोधतो. डॉक्टर पाय आपटत गेले खरे, पण पुढे दुसऱ्या दवाखान्याची पाटी त्यांनी दाजींकडूनच करून घेतली.

आणि त्या सगळ्या बोर्डांची परीक्षा घ्यायची आमची ताई. बोर्ड रंगवून झाला की दाजी तो भिंतीला टेकवायचे आणि तिला हाक मारायचे. ती हातातलं काम टाकून यायची, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला जायची, डोळ्यांवर हात धरायची आणि वाचायची. एका दमात वाचलं तर बोर्ड पास. जरा अडखळली की दाजी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन अक्षर पुसायला बसायचे. तेव्हा त्या रस्त्यावर सायकलींशिवाय फारसं काही नसायचं. सगळा संसार असाच गेला त्यांचा, एक रस्त्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे. मी चिडवायची, नवरा-बायकोनं इतकं लांबून बोलू नये. ताई म्हणायची, म्हणूनच टिकलं.

मग ताई विसरायला लागली. आधी भाजीत मीठ, मग गॅस, मग माझं नाव. मी तिला म्हटलं, अगं, माझ्याकडून उसनी नेलेली शाल तेवढी बरी विसरलीस. ती हसली नाही, घाबरून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार.

एकदा पिशवी घेऊन भाजीला गेली ती परत आलीच नाही. संध्याकाळी कुठल्यातरी परक्या फाटकाशी रडत उभी असलेली सापडली. माझा भाचा परगावाहून धावत आला. पोरगा वाईट नाही, आईसाठी जीव तुटतो त्याचा. त्यानं एक जागा बघून ठेवली होती, अशा माणसांना सांभाळणारी. दाजींना त्यानं स्पष्ट सांगितलं, आई आणखी एकदा हरवली तर मी तिला तिथे घेऊन जाणार.

मी म्हटलं, दाराला कुलूप लावा. दाजींनी लावलं. ताई दिवसभर दारावर हात आपटून रडली, मला घरी जायचंय, मला घरी जायचंय. अंधार पडायच्या आत दाजींनी कुलूप काढून नाल्यात फेकलं. मला म्हणाले, ही माझी बायको आहे, गुन्हेगार नाही. मी चांगलीच फणकारले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. घरात पाट्या लावल्या. ‘पाणी’. ‘न्हाणीघर’. ‘पलंग’. आणि भाजीवाल्यापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर, शेजाऱ्यांना विचारून, लहान लहान बोर्ड ठोकले. ‘घर इकडे’ आणि बाण. मी म्हटलं, दाजी, जिला नवरा ओळखू येत नाही तिला बाण काय ओळखू येणार? मी उगाच कडू बोलले. कारण ताई खरंच वाचायची. पिशवी घेऊन जायची, प्रत्येक बोर्डाशी थांबायची, मोठ्यानं ‘घर इकडे’ म्हणायची आणि वळायची. दाजी लांबून मागे जायचे. काही दिवस गेले, तसे ते दारातच थांबू लागले. ती कोपऱ्यावरून वळताना दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. वर्षभर ती एकदाही चुकली नाही. भाचासुद्धा फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही जिंकलात.

मोठ्या रस्त्याच्या वळणावरचा बोर्ड उन्हानं पुसट झाला होता. सायकल दुरुस्तीवाल्याच्या भिंतीवर होता तो. दाजींनी तो उतरवून घरी आणला आणि नव्यानं केला, दुप्पट मोठा, पिवळाजर्द, काळ्या जाड अक्षरांचा. इतका सुबक बोर्ड त्यांनी कुठल्या पैसेवाल्यालाही करून दिला नसेल. सकाळी तो भिंतीवर लावून आले आणि ब्रश धुवायला बसले. ताई पिशवी घेऊन निघाली.

पुढचं आम्हाला सायकलवाल्यानं सांगितलं. भाजी घेऊन येताना ती बोर्डापाशी थांबली. रंगावरून तिनं हळूच बोट फिरवलं आणि हसली. मग घराकडे वळायच्या ऐवजी ती उलटी निघाली, बोर्डावरची नजर न काढता, पाठमोरी, मागे मागे, रस्त्यात. पलीकडच्या कडेला जायचं होतं तिला. हात डोळ्यांवर धरलेला होता. सायकलवाला ओरडला, पण आता रस्त्यावर नुसत्या सायकली नसतात. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला, त्याची काही चूक नव्हती.

नवऱ्याचं नाव विसरली, मुलाचं तोंड विसरली, माझी सख्खी बहीण मला ‘तुम्ही कोण’ विचारायची. आणि ताजा बोर्ड दिसला की पलीकडे जाऊन वाचायचा, हे तेवढं विसरली नाही. मला अजून राग येतो. कुणाचा ते कळत नाही, पण येतो.

सगळं आटोपल्यावर भाचा बापाला एका शब्दानंही लागट बोलला नाही. त्यानं सगळं आवरलं, आणि बाबा, माझ्याकडे चला म्हणाला. दाजी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन निघाले, तशी मीही मागोमाग गेले. सायकलवाल्यानं स्टूल दिलं. दाजींनी बोर्ड उतरवला, तिथेच पायरीवर बसले आणि तो मांडीवर घेतला.

मग म्हणाले, “जुना पुसट होता ना, तो वाचायला तिला अगदी जवळ यावं लागायचं. भिंतीला चिकटून उभी राहायची आणि वाचून घरी यायची.”

मी म्हटलं, “दाजी, नका असा विचार करू. तुम्ही तिच्यासाठीच केलात ना तो?”

“हो,” ते म्हणाले. “लांबून दिसावा म्हणून.”