दोन लेन्स आणि कडेला उभी आई

आमच्या घरात आईचा चेहरा नीट आलेला एकही फोटो नव्हता. तो दोष लेन्सचा आहे, असं मी कितीतरी वर्षं मानत आलो.

लेन्स रशियन होती. कॅमेराही रशियन, वर्ध्याच्या एका स्टुडिओवाल्याने वापरून सोडलेला. मी बी.ए. झालो त्या वर्षी, म्हणजे नव्वद सालानंतर लगेच, तो घेतला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही सांगतो, न विचारताही सांगतो. बाबा सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत सगळ्यांना एका फोटोत घ्यायचं तर मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागायची, म्हणून वाईड अँगल लेन्स लागायची. ती कॅमेऱ्यासोबतच मिळाली होती.

पदवीचा गाऊन घातलेला माझा फोटो त्याच लेन्सने काढलेला आहे. कॅमेरा स्टुलावर ठेवून, टायमर लावून मी धावत येऊन मध्ये उभा राहिलो. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. आई पार टोकाला, दारापाशी.

"आई, मधात ये."

"मी कायले मधात? डिग्री तुही आहे. तू राह्य."

आमच्याकडे बाया कडेलाच उभ्या राहायच्या आणि ती लेन्स नेमकं कडेचंच खायची. मधला माणूस असा यायचा की गाऊनच्या चुण्या मोजून घ्याव्यात. टोकाकडे मात्र सगळं ताणलं जायचं, काळवंडायचं, आणि दाराचा उजेड आत शिरला की धुरासारखं पसरायचं. त्या फोटोत आईच्या जागी एक उजळ डाग आहे आणि त्या डागाला पदर आहे. पुढे पाहुण्यांच्या लग्नात, बारशात, बुद्धवंदनेला, जे जे फोटो काढले त्यांतही तेच. धुऊन आले की आई पाकीट उघडून स्वतःला शोधायची आणि हसायची. "आलं पाहा माहं भूत."

दोन हजार सालानंतरचा एक हिवाळा. तोवर मी हिंगणघाटकडे ज्युनिअर कॉलेजला शिकवत होतो, घरी शनिवारी यायचो. नागपुरात सीताबर्डीच्या ओळखीच्या दुकानात माझ्या कॅमेऱ्याला बसेल अशी जपानी लेन्स आली होती, नवी, जुनीच्याच मापाची.

"जुनी द्या, वरून थोडं टाका अन् हे घेऊन जा," दुकानदार म्हणाला. जुनी लेन्स त्याने उजेडाकडे धरली. "बुरशी पाहा सर. तुमचे पाहुणे काय धुक्यात जेवते?"

माझं मन होईना. मधल्या माणसाला ती जुनी जे रूप द्यायची, ते दुसरीकडे पाहिलं नव्हतं. तो वैतागला. "मंग दोन्ही न्या. एक रोल मारा. आठ दिवसांत एक वापस आणजा. डब्बा मात्र फाडू नका."

रविवारी सकाळी कॅमेरा स्टँडवर चढवला. दोन्ही लेन्सनी एकच फोटो काढायचा आणि कडा ताडून पाहायच्या, एवढाच हिशेब होता. कडेला काहीतरी बारीक तपशिलाचं हवं होतं. मी आईला हाक मारली आणि दारापाशी उभं केलं. मध्ये कोणीच नाही, नुसती भिंत आणि खाली लोखंडी पेटी.

"मधात कोनी नाई अन् मले कोपऱ्यात उभी करून राह्यला?"

"टेस्ट आहे आई. हलू नको."

"तुहीच परीक्षा झाली, आता माही."

या कॅमेऱ्यात माणूस लेन्समधून दिसत नाही. शेजारच्या छोट्या खिडकीतून दिसतो, आणि तोही दोनदा. एक खरा, एक त्याच्या अंगातून निघालेला फिकट. लेन्स फिरवत फिरवत फिकट माणूस खऱ्यात नेऊन बसवला की फोकस जुळला. जुळवायला उभी सरळ रेघ सोपी जाते, म्हणून मी कॅमेरा वळवून दाराच्या चौकटीवर जुळवलं. दोन चौकटी होत्या, त्यांची एक झाली. चौकटीवर आईचा हात होता. दोन हात होते, त्यांचा एक झाला. मग कॅमेरा पुन्हा सरळ केला आणि बटण दाबलं. लेन्स बदलली आणि तेच पुन्हा केलं.

"झालं काय रे?" तिने मध्ये एकदा विचारलं.

"थांब ना जराशी."

फोटो मोठे करून आणले आणि भिंग घेऊन बसलो. नव्या लेन्सने दाराच्या लाकडाच्या शिरा दाखवल्या होत्या. लुगड्याच्या काठाची वीण दिसत होती, आईच्या भुवईतला पांढरा केस दिसत होता. मी खूष झालो. जुनी लेन्स दुकानात देऊन आलो.

दीड महिन्याने आई गेली. किडन्या कधीच्याच निकामी झाल्या होत्या, असं दवाखान्यात कळलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे होता. तेव्हा मी त्या टेस्टचे दोन्ही फोटो बाहेर काढले. खरं सांगतो, मला त्या वेळी जुन्या लेन्सचा बरा वाटला. त्यात ती नेहमीसारखी होती, उजळ, धुरकट, हसणारं भूत. पण लोक ओळखणार कसे? म्हणून नव्या लेन्सचा घेतला आणि चेहऱ्याभोवती पेन्सिलने चौकोन आखला.

"इथून कापतो, बाबा. मागं निळं टाकून देते स्टुडिओवाला."

बाबांनी फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ पाहत राहिले.

"तिचा हात काऊन कापतं?"

"चेहरा मोठा पाहिजे ना."

"दिवाळीपासून चौकटीले धरल्याबिगर उभं राहनं होत नव्हतं तिले."

मी पुन्हा पाहिलं. भिंग लागलं नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती. सगळं अंग त्या एका हातावर तोललेलं होतं. पावलं सुजून चपलेबाहेर आली होती, तीही लख्ख, एकदम स्पष्ट.

"मले कोनी सांगितलं नाई, बाबा."

"आम्हाले वाटलं, तुले दिसलं." बाबा रागाने बोलले नाहीत. "तू तं तिचाच फोटो काढून राह्यलता."

फोटो कापला नाही. पुरा तसाच मढवला. मध्ये रिकामी भिंत, खाली पेटी, आणि डाव्या टोकाला चौकट धरून आई. पेन्सिलचा चौकोन खोडला, तरी तिरपं पाहिलं की अजून दिसतो. कार्यक्रमाला आलेली माणसं फुलं वाहताना जराशी अडखळायची. फुलं वाहायची कुठे, मध्ये तर कोणीच नव्हतं.

तो आजही समोरच्या खोलीत दारासमोर आहे. दार उघडं असलं की काचेत पाहणाऱ्याचं प्रतिबिंब पडतं. मी समोर उभा राहिलो की रिकाम्या भिंतीवर, बरोबर मधोमध, मी येतो. गाऊनच्या फोटोत होतो तिथेच. बाबा असे समोर उभे राहत नाहीत. ते डावीकडे सरकतात, अगदी टोकाला, खांदा उघड्या दाराला लागेपर्यंत. मग काचेत ते तिच्याजवळ दिसतात.