समुद्रातली घरपट्टी

आमचे ग्रामसेवक भाऊ समुद्राकडे तोंड करून घरपट्टी मागत. मार्चअखेर, सुकतीला पाणी ओसरलं की, ते काठच्या खडकाळ खडपावर उभे राहत आणि खणखणीत आवाजात एकेका घरमालकाचं नाव पुकारत. समोर घर नसे, पाणी असे. प्रत्येक नावानंतर ते थांबत. दार उघडायला माणसाला लागतो तेवढा वेळ.

आमची वाडी आचऱ्याच्या अलीकडे. तिची खालची घरांची ओळ समुद्राने एकेक करून नेली, त्यात आमचंही घर गेलं. बाप रापणीचं जाळं ओढायला जाई, आई मासे विकी. त्या घरातली मी पहिली बी.कॉम., आणि हे मी आजही मान वर करून सांगते. जिल्हा नवा झाला तेव्हा गावच्याच पंचायतीत मला कारकुनाची नोकरी लागली. भाऊंनी माझं नाव कधी घेतलं नाही. "बीकॉम, चल गो वसुलीक," एवढंच.

पंचायतीचं अंदाजपत्रक मी मांडत असे. जमेला दरवर्षी वसुली कमी. खर्चाला रस्त्याचे दिवे समुद्रापासून मागे हलवायचा खर्च. आणि तळाला बंधाऱ्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. बंधारा पहिल्याच पावसाळ्यात गेला होता. हप्ता लिहिताना भाऊ म्हणत, "बंधारो गेलो, हप्तो रवलो." मग तो हप्ताच पाठीमागे उभा असल्यासारखे मान वळवून बघत.

मी एकदा स्पष्टच म्हटलं, "भाऊ, गेलेल्या घरांची थकबाकी काढून टाका. पाण्याकडून कोण वसूल करणार?"

"काढ गो. मगे तुझ्या आवशीचा घर थंय होता, ह्या सांगतलो कोण?"

आईच्या नावाचं पान मी तसंच ठेवलं. घर गेलेल्यांना वरच्या सड्यावर, टेकडीवरच्या माळावर, जागा देण्याचं तेव्हा घाटत होतं, आणि ज्याच्या नावावर घरपट्टी, त्यालाच जागा. आम्ही मामाच्या पडवीत दिवस काढत होतो.

तालुक्याहून विस्तार अधिकारी आले ते लाल पेन काढूनच. फुगलेली थकबाकी त्यांना नको होती. खालची अख्खी ओळ खोडायची होती. भाऊ समुद्रापासून लांब, बांद्याकडचे, पोहताही न येणारे, पण साहेबांसमोर शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, आधी घरासमोर जाऊन मागणी केली पाहिजे. मग खुशाल खोडा."

"घर कुठाय?"

"चला, दाखवतो."

वारा पडला होता. लाटेचाही आवाज नव्हता. खडपावर साहेब, भाऊ आणि मी. भाऊ नावं पुकारत गेले. साहेब घड्याळ बघत होते. आमचं नाव आलं. भाऊंनी आईचं नाव पुकारलं आणि थांबले.

"रवा, हाडतंय!"

थांबा, आणते. बाईचा आवाज, पाण्याच्या बाजूने, आत स्वयंपाकघरातून यावा तसा.

"कोण बोललं?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते.

"घरमालकीण," भाऊ म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. 'मागणी कायम' असा शेरा मारून चहासुद्धा न घेता ते जीपमध्ये बसले.

संध्याकाळी मी आईला विचारलं. ती उखडलीच. "मी खंय गो थंय? मालवणच्या बाजारात होतंय मी. इचार सगळ्यांका!" विचारलं. खरंच होती.

त्याच यादीवरून आम्हाला सड्यावर जागा मिळाली. भाऊ निवृत्त होऊन बांद्याला गेले. जाताना म्हणाले, "बीकॉम, घरासमोर गेल्याबगर कोणाचा नाव खोडू नको." दुसऱ्या पावसाळ्यात ते वारल्याचं कळलं.

त्यानंतरचा मार्च. नव्या घराच्या अंगणात आई बांगडे साफ करत होती, मी उंबऱ्यावर बसले होते. खाली सुकती लागली होती, वारा पडला होता. खालून, खडपाच्या बाजूने, कुणीतरी खणखणीत आवाजात आईचं नाव पुकारलं आणि थांबलं.

आईने मान वर केली नाही.

"रवा, हाडतंय!" ती म्हणाली.

तोच, त्या दिवशी पाण्याकडून आलेला आवाज. आणि खवल्यांनी भरलेला तिचा हात पदरातल्या पैशांच्या गाठीकडे गेला.