पत्त्याची कोरी जागा

लोकप्रशासन घेऊन बी.ए. झालो, तेव्हा सरकारी कचेरीबाहेरही नोकरी असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नाशिकला कलेक्टर कचेरीसमोर एक टायपिस्ट बसायचा. कागदावर फुंकर मारल्याशिवाय त्याचं बोट हलत नसे. माझे सगळे अर्ज त्यानंच टाइप केले. पाचव्या अर्जावर कलेक्टरांचा पत्ता टाइप झाल्यावर त्यानं कार्बन घातला. साहजिकच खालच्या प्रतीवर पत्ता उमटला नाही.

“अहो, चुकलात तुम्ही!” मी चिडलो.

“चुकलो नाय. तिथं सातपूरच्या एखाद्या कारखान्याचा पत्ता घाला. फायली तिकडं बी लय हायेत, लावणारं कोणी नाय.”

त्याच प्रतीवर मला आयुष्यभराची नोकरी मिळाली. त्या टायपिस्टचं नाव विचारायचं मात्र राहिलं, आणि पुन्हा गेलो तेव्हा तो तिथं बसत नव्हता. आभाराचं पत्र कधीच लिहून ठेवलंय. वरची जागा अजून कोरी आहे.