खेमसिंगचं तोलेदो

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात १९५८ पासून खेमसिंगची पेटी लागायची. दोन भिंगांची लाकडी पेटी. आत डोकावलं की पुठ्ठ्यावरचे फोटो उठून, खोलवर दिसत. यवतमाळच्या एका बंगल्याच्या जुन्या सामानात ती त्याला मिळाली. आत एकाच गावाचे अठरा फोटो होते. मी तेव्हा दारव्ह्याच्या शाळेत मास्तर होतो; मागचं इंग्रजी मीच त्याला वाचून दिलं : स्पेन देशातलं तोलेदो, टेकडीवरचं जुनं शहर, तिन्ही बाजूंनी नदीचा वेढा. एकदाच वाचलं. पुन्हा विचारायला तो कधी आला नाही.

फोटोंवर आकडे नव्हते. क्रम त्यानेच लावला. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. वाट सांगणं हे घराण्याचं काम. त्यामुळे खेमसिंग फोटो दाखवत नसे, माणसाला हाताशी धरून चालवत नेत असे.

"ये मावशी, पाय सांभाळ, चढ हाय. हे त्यायच्या देवाचं देऊळ. मान वर कर, अजून वर. आता डाव्या हाताले वळ. हे चित्रायचं घर. इथं माणसं राहत नाहीत, चित्रंच राहतात."

"मंग झाडते कोण?" पेटीला डोळे लावूनच दर बाजारी येणारी लालीबाई विचारी.

"सरकार झाडते. तू पुढं चाल, मांगं लोक थांबले."

तलवारींचं दालन झालं, की शेवटी दगडी पूल. "उतर आता नदीवर. दिवस बुडाला, बैल सोड, पाणी पाज." मुक्काम पाण्याशीच व्हायचा, ही लमाणांची रीत तोलेदोलाही लागू होती.

शेजारी फुटाणे विकणारी त्याची बायको चंदाबाई म्हणे, "हे आर्णीले जाताना चुकतात, अन् स्पेनची वाट सांगून राह्यले!" लोक हसत. सगळ्यांत मोठ्याने खेमसिंग हसे.

बासष्टच्या हिवाळ्यात यवतमाळचे वकील बाबाराव बाजारात आले. विलायतेत शिकताना सुटीत ते स्पेन फिरून आले होते. त्यांनी वाकून अठराही फोटो पाहिले.

"तू कधी गेला होतास रे?"

"गेलो नाही साहेब."

"मग ही गल्ली डावीकडे वळते, हे कसं कळलं?"

"देवळाचं टोक पाहा न. आधी उजवीकडं होतं, आता मांगं गेलं."

बाबाराव थक्क झाले. मग म्हणाले, "सगळं बरोबर. पण पूल शेवटी नाही. स्टेशनातून निघालं की आधी पूल, मग गावची वेस. तुझी माणसं नदी न ओलांडताच गावात शिरतात."

चंदाबाईसुद्धा या वेळी हसली नाही. तांड्यात ज्याने एकदा चुकीची वाट सांगितली, त्याला पुन्हा कोणी वाट विचारत नाही, हे तिला माहीत होतं.

खेमसिंगने एवढंच विचारलं, "तुमी सोता त्या पुलावरून चालले?"

"चाललो."

त्याने पेटी उघडली. शेवटचा फोटो काढून पहिल्या जागी बसवला.

"अरे, इथं कोणाला कळणार आहे?" बाबाराव म्हणाले.

"मले कळलं न साहेब. अन् उद्या कोणी गेलंच तर?"

मग पागोटं नीट बसवून तो ओळीओळीने बाजारभर फिरला. कापसाच्या गाड्यांपाशी, बांगड्यांच्या पालापाशी, खणखणीत आवाजात सांगत : "चार वर्षं म्या तोलेदोची वाट चुकीची सांगतली! ज्यायनं पाह्यली त्यायनं पुन्हा या, फुकट दाखवतो!"

"काहून रे, आमची गाडी सुटून राह्यली का?" कोणी तरी ओरडलं. "मले बायकोच्या माहेरची वाट ठाव नाही, तोलेदोची काय घेऊन बसला!"

पण लोक आले. हसत आले, तरी ओळ लावून उभे राहिले. लालीबाई सर्वांत पुढे होती.

"म्हणजे मी इतके दिवस चुकीच्याच वाटेनं गेलते?" तिने दरडावून विचारलं.

"गेलती. चूक माही. आता बराबर नेतो."

तिने पेटीला डोळे लावले. खेमसिंगने घसा साफ केला आणि पहिल्याच फोटोतला पूल दाखवत तो नेहमीच्या खात्रीने म्हणाला, "मावशी, बैलायले इथंच पाणी पाजून घे. वर चढ हाय, पुढं नदी नाही."