कुंकवानं उलटलेली बॅटरी

हुस्नाबी बॅटरीचं काम शिकली ती नवऱ्याच्या शेजारी बसून. वाहिदमिया गेले, तेव्हा अख्ख्या यवतमाळला वाटलं, आता दुकानाला कुलूप. विधवेनं घरात काढायची इद्दत संपली आणि बाईनं स्वतःच दुकानाच्या फळ्या काढल्या. साल त्रेसष्टचं.

दसरा होऊन आठ दिवस झाले, तेव्हा पहिलं मोठं काम आलं. तांड्यावरच्या हिरासिंगच्या ट्रकची बॅटरी, पार मेलेली. तिचे तारा जोडायचे दोन्ही खांब झिजून सारखेच झालेले, पण एकावर लाल खूण होती. वाहिदमिया धनाच्या खांबाला लाल रंग लावत. हुस्नाबीनं तिथंच धनाची तार जोडली. दोन दिवस वीज भरली, पण दिवा क्षणभर पेटे अन् विझे.

"भाभी, हे बायकाचं काम नोहे. मी नागपूरले नेतो."

"तीन दिवस द्या, भाऊ. नाही झालं, तर दुकानाची चाबी तुमीच नाल्यात फेका." तिनं चावी हिरासिंगच्या हातावर ठेवली.

तिनं झाकणाभोवतीचं डांबर तापवून झाकण काढलं आणि पट्ट्या बाहेर ओढल्या. तशा साऱ्या पट्ट्या शिशाच्याच. तेजाबात वीज भरली की धनाच्या तपकिरी होतात, ऋणाच्या करड्या. बॅटरी उतरली की दोघींवर सारखाच पांढुरका थर. पट्ट्या आळीपाळीनं बसवलेल्या अन् ऋणाची एक जास्त, म्हणून कडेच्या दोन्ही करड्या हव्या. इथं त्याच तपकिरी होऊ लागलेल्या!

तिनं लाल खूण बोटानं पुसली. रंग कुठला, तेलातलं कुंकू ते.

"हिरासिंगभाऊ, दसऱ्याले कुंकू कोणत्या खांबाले लावलं?"

"हाताशी आला त्याले! देवाले डावं-उजवं रायते काय?"

"देवाले नाही. शिशाले रायते."

तिनं दिवा जोडून चुकीची वीज सगळी उतरवली, तारा अदलाबदल केल्या आणि अगदी हळू भरायला घेतलं. घाई केली तर पट्ट्यांवरचा मसाला गळून पडतो. तेजाबाच्या शिंतोड्यांनी लुगड्याची चाळणी झाली, पण बाई हलली नाही. तिसऱ्या दिवशी कडेच्या पट्ट्या करड्या, मधल्या तपकिरी. झाकण बसलं, ट्रक एका झटक्यात सुरू झाला. हिरासिंगनं दुकानाची चावी तिच्या हातावर परत ठेवली.

पुढच्या दसऱ्याला तो पूजेआधीच बॅटरी घेऊन हजर.

"भाभी, कुंकू कुठं लावू?"

"दोन्हीले लावा. धनाच्या खांबाले मी कानशीनं खाच पाडून ठेवली हाय."