शनिवारी बसायचंय

कसबा बावड्यात अंबूबाईची सकाळ म्हशींच्या हंबरण्यानं सुरू होते आणि तिच्या स्वतःच्या आवाजावर पुढं सरकते. त्या शनिवारीही तव्यावर भाकरी फुगली होती, नवरा आकाराम मागं गोठ्यात धार काढत होता, आणि दारावर टकटक झाली. इतकं हळू दार वाजवणारं माणूस गल्लीतलं नव्हे, हे तिनं आतूनच ओळखलं.

दारात परीटघडीच्या शर्टातले, चष्मेवाले, मास्तर वाटावेत असे गृहस्थ उभे होते.

"मी दत्तोपंत. आकाराम आहेत का? त्यांचा फोन लागत नाही."

"फोन म्हशीच्या हौदात पडलाय. काय काम हुतं पावणं?"

"काही नाही. आज संध्याकाळी बसायचंय, एवढीच आठवण करायला आलो."

अंबूबाईच्या हातातलं उलथणं थबकलं. 'बसायचंय' म्हणजे बाटली आली, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही कळतं.

"कुठं बसताय?"

"राजारामपुरीत. दर शनिवारी बसतो आम्ही. बरेच जण असतात."

"आनि बसून करता काय?"

दत्तोपंत घुटमळले. "ते मला बाहेर सांगता येत नाही. तसा नियमच आहे आमचा."

"नियम लावून पिताय व्हय? केस पिकले, कापडं इस्त्रीची, आनि सकाळच्या पारी प्यायला माणसं गोळा करत हिंडताय?"

दत्तोपंत चपला हातात घेऊनच पायरी उतरले.

आकाराम बादली घेऊन आत आला तो चोरासारखा. "अंबू, ती दारू सोडायची मीटिंग हाय. रिक्षाच्या पाठीवर नंबर हुता. फोन केलता मी. तू हसशील म्हणून बोललो न्हाय."

अंबूबाई हसली नाही. दारू सोडायच्या शपथा तिनं पोटभर ऐकल्या होत्या. आकारामनं आधी जोतिबाची घेतली, मग अंबाबाईची. देव संपले तशी म्हशीची घेतली, आणि म्हैस आटली. तेव्हा तिनं बजावलं होतं, देवाची घ्या, देव सोसतो. जनावराची घेऊ नका, धंदा हाय. मागच्या आठवड्यात तो दुधाच्या कॅनला मिठी मारून परक्याच्या ओट्यावर झोपलेला सापडला, त्या दिवशी तिनं कपड्यांची पिशवी भरली. अजून एक थाप, की कोडोलीला भावाकडं, आणि ते कायमचं. पिशवी दाराशीच होती.

"संध्याकाळी मीबी येणार," तिनं जाहीर केलं. "ही पिशवी घिऊन. खरं असलं तर दोघं परत. ग्लास दिसला, की मी तिथनंच कोडोलीच्या गाडीत."

राजारामपुरीत रिक्षातून उतरल्यावर आकारामला फोनवर सांगितलेली गल्ली आठवेना. त्यानं पानवाल्याला विचारलं, "दादा, इथं शनिवारची माणसं कुठं बसत्यात?" पानवाल्यानं अगदी आपुलकीनं समोरचा बार दाखवला. पुढच्या चौकातल्या चप्पलवाल्यानं दुसरा दाखवला, आणि तिथलं फरसाण चांगलं असतं असंही सांगितलं. अंबूबाईनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

एवढ्यात एका कोचिंग क्लासच्या जिन्यातून दत्तोपंतांनी हात केला. अंबूबाईला पाहून ते दोन पायऱ्या वर सरकले. "या, या. आज घरच्यांनीही बसलं तर चालतं," म्हणाले, आणि जीभ चावली.

वर फळ्यावर कसलीशी समीकरणं होती, आणि पोरांच्या बाकांत थोराड गडी गुडघे दुमडून बसले होते. प्रत्येकासमोर ग्लास. अंबूबाईनं पहिलाच ग्लास उचलून नाकाशी नेला. आल्याचा चहा.

"वहिनी, मीबी पहिल्या दिवशी वास घेतलता," ग्लासाचा मालक, भल्यामोठ्या मिशांचा माणूस म्हणाला. "लई निराश झालतो."

सगळा क्लास खदखदला. मग तोच उभा राहिला. "मी सम्राट. मी बेवडा. एकदा पिऊन घरी गेलतो, बायकोनं दार उघडलं. मी तिलाच विचारलं, ताई, सम्राट इथंच राहतो का? ती म्हणाली, राहत हुता."

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावलं नाही.

आकारामची पाळी आली. उठताना तो बाकात अडकला, दोघांनी उपसून काढला. "शपथ घिऊन सांगतो..."

"म्हशीची न्हाय," मागून अंबूबाई ओरडली.

"शपथ नकोच," दत्तोपंत म्हणाले. "फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. तेवढंच."

"आनि उद्या?" अंबूबाईनं विचारलं.

"उद्या उठल्यावर परत तेच. फक्त आजचा दिवस."

अंबूबाईला ते पटलं. आज धार काढली म्हणून उद्याची कुठं सुटते?

आकारामनं घसा खाकरला. "मी आकाराम. मी बेवडा हाय."

हा शब्द तिनं सगळ्या गल्लीकडून ऐकला होता, स्वतः तर रोजच म्हणत होती. त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. तिनं हातातला चहा संपवला. सम्राटचा होता, हे नंतर लक्षात आलं.

सभा सुटल्यावर जिन्यात तिनं पिशवी आकारामच्या हातात कोंबली. "धरा. बावड्यापतोर तुमी न्यायची."

मग ती दत्तोपंतांकडं वळली.

"गुरुजी, एवढं एक करा. पुढच्या शनिवारी दारात येऊन 'बसायचंय' म्हणू नका. 'मीटिंग हाय' म्हणा."