बाबांचा काढा, माझी ताटली

मुंबई विमानतळाला जायची गाडी सोसायटीच्या फाटकाशी आली तेव्हा बाबांनी बॅगा डिकीत नीट बसल्या की नाही ते पाहिलं, घाटात शहाणपणा करू नका म्हणून ड्रायव्हरला बजावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पेशी मारायला पुण्यात जागा शिल्लक नाही वाटतं." आई डोळे पुसत होती, दादा हसला. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, खडकवासल्याच्या पाण्याचे कागद सांभाळण्यात गेली. त्यांची माया अशी तिरकीच यायची. मी पुण्यात वाढलेली, मला ती ओळखता यायची.

जर्मनीतलं माझं काम थोडक्यात सांगते. कॅन्सरच्या पेशी मरायचं विसरलेल्या असतात. आम्ही त्यांना त्याची आठवण करून देतो. माझ्या वाट्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी आल्या, आणि त्यांना आठवण करून द्यायला काडेचिराईत या झाडापासून काढलेलं एक द्रव्य. ते कंपनीकडून पांढऱ्या पावडरीच्या रूपात चिमुकल्या बाटलीतून येतं. ताटलीत पेशी वाढवायच्या, त्यांवर ते थेंबभर घालायचं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं की पेशी आतून स्वतःलाच मोडत असतात. मात्र त्या ताटलीभोवती माणसाचं शरीर नसतं. घरात ही गोष्ट कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नाही.

सुरुवातीला बाबा फोनवर थंडी किती आहे आणि जेवणाचं काय करतेस, एवढंच विचारायचे. मग मागच्या उन्हाळ्यात त्यांना एकाएकी माझ्या कामात रस वाटू लागला. झाडाची पानं वापरता की मूळ? पाण्यात उतरतं का? उपाशीपोटी घेतलं तर जास्त लागू पडेल का? मी हरखून गेले. लॅबमधून चालत घरी येताना मी त्यांना सगळं समजावत राहायचे. ताटलीत चालतं ते शरीरात चालेलच असं नाही, पोटातून ते रक्तात फारसं उतरतच नाही, हेही दर वेळी सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणायचे. परदेशात मी सर्वांत सुखी होते ती त्या फोनच्या दिवसांत, आणि आज त्या सुखाचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

एके दिवशी दादाचा फोन आला, ताबडतोब निघून ये. खरं काय ते त्यानं विमानतळावरून येताना गाडीत सांगितलं. बाबांच्या फुफ्फुसात गाठ होती, उन्हाळ्यापासून, आणि आता ते हॉस्पिटलात होते. आईला माहीत होतं, खराडीच्या ऑफिसातून रजा काढून त्यांना तपासण्यांना नेणाऱ्या दादाला माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आणि पेपरवाल्यालासुद्धा माहीत होतं. फक्त या विषयात डॉक्टरेट केलेल्या मुलीला कळवलं नव्हतं. "तू तिकडे एकटी. तुला कशाला टेन्शन?" दादा म्हणाला. केमोच्या दोन सायकल झाल्यावर बाबांनी पुढच्या नाकारल्या होत्या. पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणवून त्याचा काढा ते सकाळ-संध्याकाळ पीत होते. डॉक्टर रागावले की म्हणायचे, माझी मुलगी यावरच संशोधन करते.

घरी पोचल्यावर मी आईला विचारलं, तुम्ही त्यांना थांबवलं का नाही. ती गोंधळून म्हणाली, "अगं, तुला विचारूनच तर घेत होते ते."

ओट्यावर काढ्याचं पातेलं तसंच पडलं होतं. मी तळाशी बोट फिरवून चाटलं. ज्या द्रव्यावर माझी इतकी वर्षं गेली, त्याचा कडूपणा मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

घरी मागे राहिलेल्यांनो, तुमची माया कळते. पण कृपा करून आम्हाला टेन्शन द्या. आम्ही दूर गेलो म्हणजे लहान झालो नाही. आणि माझ्यासारख्या परदेशी गेलेल्यांनो, घरच्यांनी अचानक तुमच्या कामाची चौकशी सुरू केली तर फुलून जाऊ नका. आधी रिपोर्ट मागवून घ्या.

हॉस्पिटलात बाबा ऑक्सिजनवर होते. आई आणि दादा डॉक्टरांशी बोलायला गेले होते. बाबांनी मास्क जरासा बाजूला केला.

"डोस कमी पडला का गं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. काढा कितीही प्यायला असता, तरी तो त्या गाठीला मारण्याइतका तिथवर पोचणार नव्हता. तो भरवसा धरून केमो सोडली नसती, तर कदाचित आणखी काही दिवस मिळाले असते. यातलं पहिलं तर मी फोनवर दर वेळी सांगितलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "थोडा कमी पडला."

त्यांना हायसं वाटलं. "म्हणजे तुझं काम बरोबर आहे," म्हणाले आणि त्यांनी मास्क पुन्हा लावून घेतला.

त्याच आठवड्यात ते गेले. दिवस झाल्यावर मी इकडे परतले. लॅबला जाते, ताटल्या भरते. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून पुणेच सांगते. पण खरं विचाराल तर, जिथे आम्ही सगळे मायेपोटी एकमेकांशी खोटं बोललो ते माझं घर, आणि तिथलं शेवटचं खोटं माझं होतं.